पेन्सिलीचं थोटूक

वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत १९२० च्या दशकात एक नियम होता. कारकुनाला एका वेळी एकच पेन्सिल. दुसरी हवी असेल तर पहिलीचं थोटूक जमा करायचं, मग नवी मिळणार. या नियमामागचे गृहस्थ म्हणजे जनरल हर्बर्ट लॉर्ड, केंद्रीय अंदाजपत्रक कार्यालयाचे संचालक. राष्ट्राध्यक्ष केल्विन कूलिज यांच्यासमोर ते नेमाने वह्या उघडून बसत, आणि कूलिज ते सगळं मनापासून ऐकत. टपालाच्या पिशव्यांवरचे रंगीत पट्टे काढून टाकले, कारण पट्ट्यांना पैसे पडतात. मंजूर रकमेतून आणखी दोन टक्के वाचवणाऱ्या खात्यांसाठी लॉर्डनी ‘टू पर्सेंट क्लब’ काढला. जोहान्सबर्गच्या महापौरांनी सिंहाचे दोन छावे भेट पाठवले, तर त्यांची नावं ठेवली गेली ‘टॅक्स रिडक्शन’ आणि ‘बजेट ब्यूरो’.

दात कोरून पोट भरत नाही, हे लॉर्डनाही कळत होतं. १९२१ साली केंद्र सरकारचा खर्च सुमारे ५.१ अब्ज डॉलर होता, १९२२ मध्ये ३.३ अब्ज, १९२५ मध्ये २.९ अब्ज. यातली मोठी घसरण पहिल्याच वर्षात दिसते. पहिल्या महायुद्धाची बिलं संपत आली होती, सैनिक घरी परतले होते. थोटकांनी त्यात काय भर घातली असेल ते असेल. पण ज्या कारकुनाला पेन्सिलीसाठी तोंड दाखवायला लागतं, तो नवं टेबल मागताना दहादा विचार करतो. लॉर्डना ती जरब हवी होती. कूलिजना दुसरंही काही हवं होतं: ही काटकसर लोकांना दिसायला हवी होती. खर्चाच्या आढाव्याची सभा वर्षातून दोनदा भरायची आणि राष्ट्राध्यक्षांचं भाषण रेडिओवरून घरोघर जायचं. हिशेबाच्या सभेला एवढे श्रोते आधी कधी मिळाले नव्हते.

त्याआधीचा कारभार कसा होता ते पाहिलं की या माणसांबद्दल थोडा आदर वाटतो. १९२१ पर्यंत अमेरिकेच्या केंद्र सरकारला एकत्रित अंदाजपत्रकच नव्हतं. प्रत्येक खातं आपली मागणी संसदेकडे पाठवायचं, संसदेच्या वेगवेगळ्या समित्या ती वेगवेगळी मंजूर करायच्या, आणि एकूण बेरीज किती झाली ते वर्ष सरल्यावर कळायचं. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी १० जून १९२१ रोजी अंदाजपत्रक आणि लेखा कायद्यावर सही केली. आता सगळ्या मागण्या एका कार्यालयातून जाणार, राष्ट्राध्यक्ष त्या छाटणार, आणि खर्च झाल्यावर तपासायला वेगळा महालेखापाल असणार.

या कार्यालयाचे पहिले संचालक चार्ल्स डॉज. शिकागोचे बँकर, युद्धात फ्रान्समधल्या अमेरिकन सैन्याची खरेदी सांभाळलेले, जिभेला हाड नसलेले. फेब्रुवारी १९२२ च्या सभेत ते चक्क झाडू घेऊन उभे राहिले. लष्कराच्या गोदामात युद्धातले झाडू ढिगाने पडून होते आणि नौदल नवे विकत घ्यायला निघालं होतं, कारण लष्कराचा झाडू नौदलाच्या ठरलेल्या नमुन्यात बसत नव्हता. हा झाडू जहाज झाडू शकत नाही का, एवढाच डॉज यांचा सवाल होता. झाडूसारख्या वस्तूवर मंत्रिमंडळासमोर आरडाओरडा करणारा अधिकारी कुठल्याही सरकारला एक तरी हवाच.

पण झाडू-पेन्सिलीचा हा खेळ मांडला होता तो कर कमी करण्यासाठी. तो डाव अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांचा. पिट्सबर्गचे बँकर, ॲल्युमिनियम कंपनी आणि गल्फ ऑइलमागचे भांडवलदार, देशातल्या सर्वांत श्रीमंत मोजक्या लोकांपैकी एक. मार्च १९२१ मध्ये पदावर आले ते फेब्रुवारी १९३२ पर्यंत राहिले, तीन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली. त्या काळात विनोदाने म्हणत की तीन राष्ट्राध्यक्षांनी मेलन यांच्या हाताखाली काम केलं.

अमेरिकेत प्राप्तिकर तेव्हा नवा होता. १९१३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तो आला तेव्हा सर्वांत वरचा दर होता ७ टक्के. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांना सार्वजनिक वित्तव्यवहार शिकवणारे एडविन सेलिग्मन हे या कराच्या पुरस्कर्त्यांमधलं मोठं नाव होतं. बाबासाहेब १९१६ मध्ये तिथून निघाले. पुढच्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि १९१८ साली वरचा दर ७७ टक्क्यांवर गेला. मेलन आले तेव्हा तो ७३ होता: ८ टक्के मूळ कर आणि ६५ टक्के अधिभार.

मेलन यांचं म्हणणं असं की हा ७३ टक्के कागदावरच राहतो, तिजोरीत येत नाही. कारण राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या रोख्यांवरचं व्याज केंद्रीय करातून पूर्ण मुक्त होतं. हे गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. समजा एखाद्या शहराचा करमुक्त रोखा साडेचार टक्के देतो आणि एखाद्या कारखान्याचा रोखा सहा टक्के. ७३ टक्के कर भरणाऱ्याच्या हातात कारखान्याच्या सहातले उरतात १.६२. शहराचे साडेचार पूर्ण उरतात. कारखान्याने त्याला नगरपालिकेपासून ओढायचं तर १६.६७ टक्के व्याज द्यायला हवं. एवढं व्याज परवडणारा धंदा कुठला? दर ४६ वर आणला तर कारखान्याला ८.३३ द्यावे लागतात. २५ वर आणला तर बरोबर सहा, म्हणजे दोन्ही रोखे एका पातळीला येतात. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण मेलन यांनी अधिभार २५ च्या आसपास आणायचा आग्रह का धरला ते यातून दिसतं.

पुरावाही त्यांच्याकडे होता. १९१६ मध्ये ३ लाख डॉलरच्या वर उत्पन्न दाखवणारी विवरणपत्रं होती १,२९६. १९२१ मध्ये उरली २४६. १९२२ साली विल्यम रॉकफेलर वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेत करमुक्त रोखे ४ कोटी ४० लाख डॉलरच्या वर निघाले, आणि ज्या स्टँडर्ड ऑइलमुळे घराणं उभं राहिलं तिचे शेअर ७० लाखांच्याही आत. श्रीमंतांचा पैसा कारखान्यांतून निघून गटारं आणि शाळांच्या रोख्यांत जातोय, असं मेलन सांगत. (गटारं आणि शाळांना पैसा मिळाला यात वाईट काय, हा प्रश्न त्यांना पडत नसे.) मात्र १,२९६ विरुद्ध २४६ ही तुलना तितकी सरळ नाही. १९१६ हे युद्धाच्या मागणीने धंदे फुगलेलं वर्ष होतं, १९२१ हे मंदीच्या तळाचं. शिखराची तुलना दरीशी केली की उतार तीव्र दिसतोच.

करमुक्त रोखेच बंद करायचा दुसरा रस्ता होता. मेलन त्यालाही अनुकूल होते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत होती. प्रस्ताव संसदेत आला आणि तिथेच अडला. मग दर उतरवणं हाच मार्ग उरला आणि तो तीन पायऱ्यांत झाला. १९२१ च्या कायद्याने वरचा दर ५८ वर आणला, कंपन्यांवरचा युद्धकाळातला जादा नफ्याचा कर १९२२ पासून रद्द केला आणि दोन वर्षांहून जास्त ठेवलेली मालमत्ता विकून झालेल्या नफ्याला साडेबारा टक्क्यांचा वेगळा, कमी दर दिला. ही तिसरी गोष्ट त्या वेळी फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. १९२४ ला दर ४६ झाला, पण संसदेतल्या डेमोक्रॅट आणि पुरोगामी रिपब्लिकन सदस्यांनी त्याची किंमत वसूल केली: वारसा कर ४० टक्क्यांपर्यंत वाढवला, भेटवस्तूंवर कर बसवला आणि कुणी किती कर भरला ते उघड करायची तरतूद घातली. त्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांनी नावानिशी आकडे छापले आणि शेजाऱ्यांना शेजारी कळले. १९२६ च्या कायद्याने हे तिन्ही काटे उपटले. वारसा कर २० वर, भेटवस्तू कर रद्द, यादी बंद. प्राप्तिकराचा वरचा दर २५.

आणि तिजोरी भरली. याबद्दल वाद घालायचं कारण नाही. दरवर्षी शिल्लक पडत गेली, सार्वजनिक कर्ज १९२१ च्या २४ अब्जांवरून १९२९ मध्ये १७ अब्जांच्या आत आलं. त्यामागे कर्जफेड निधीची साधी युक्ती होती. युद्धकर्जाच्या अडीच टक्के रक्कम दरवर्षी रोखे परत विकत घ्यायला बाजूला काढायची, आणि आधी फेडलेल्या रोख्यांचं वाचलेलं व्याजही त्याच निधीत टाकायचं. निधी आपोआप फुगत जातो. व्याजाचा बोजा १९२० मध्ये एक अब्जाच्या वर होता, दशकाच्या शेवटी त्याच्या दोन-तृतीयांश उरला.

इथपर्यंत गोष्ट मेलन यांच्या बाजूची आहे. आता त्याच खात्याच्या मागच्या दाराशी जाऊ.

मिशिगनचे सिनेटर जेम्स कझेन्स हे हेन्री फोर्ड यांचे जुने भागीदार, पक्षाने रिपब्लिकनच. मेलन योजनेवर त्यांनी जाहीर पत्रांतून टीका केली. मेलन यांनी उत्तरात विचारलं, तुमचा स्वतःचा पैसा करमुक्त रोख्यांत किती आहे? प्रश्न वर्मी बसला, कारण कझेन्स यांची बरीच संपत्ती तिथेच होती. कझेन्स चिडले आणि १९२४ मध्ये सिनेटची समिती नेमून घेऊन त्यांनी महसूल खात्याच्या फाइली उघडायला लावल्या.

युद्धकाळातल्या जादा नफ्याच्या करासाठी आधी कंपनीचं ‘गुंतवलेलं भांडवल’ ठरवावं लागायचं. भांडवल जितकं मोठं दाखवाल तितका नफा ‘जादा’ ठरत नाही. युद्धासाठी उभारलेल्या कारखान्याची किंमत नफ्यातून वजा करायची सवलत होती, मग कारखान्याची उरलेली उपयुक्तता शून्याच्या जवळ दाखवायची. तेलविहीर सापडल्यावर तिची जी किंमत ठरेल त्या हिशेबाने तेल उपसल्याची ‘घट’ उत्पन्नातून वजा करता यायची, मग त्या किमतीचा अंदाज चढा लावायचा. प्रत्येक ठिकाणी आकडा ठरवणार खात्यातला इंजिनिअर, कंपनीच्या वकिलासमोर बसून, बंद दाराआड. निकाल छापला जात नसे, त्यामुळे एका कंपनीला दिलेला न्याय दुसरीला कळत नसे. ज्या कंपन्यांच्या फाइली समितीने चाळल्या त्यांत गल्फ ऑइल आणि ॲल्युमिनियम कंपनीही होत्या. मेलन यांनी स्वतः फोन करून काही सांगितलं असेल असं मानायची गरज नाही. साहेबांची कंपनी कुठली ते इंजिनिअरला ठाऊक असणं पुरेसं आहे.

तेलाच्या अंदाजांची बदनामी इतकी झाली की १९२६ मध्ये अंदाजच काढून टाकून सरसकट टक्केवारी ठरवली: उत्पन्नाच्या साडेसत्तावीस टक्के रक्कम करमुक्त. एका सभागृहाला २५ हवे होते, दुसऱ्याला ३०. मधला आकडा निघाला. त्या अर्ध्या टक्क्यामुळे तो भूगर्भशास्त्रज्ञांनी मोजून काढल्यासारखा दिसतो.

कझेन्स यांनाही प्रसाद मिळाला. मार्च १९२५ मध्ये खात्याने त्यांच्याकडे १ कोटी डॉलरच्या वर जादा कर मागितला. प्रकरण असं: १९१९ मध्ये त्यांनी फोर्ड कंपनीचे २,१८० शेअर सुमारे २ कोटी ९३ लाखांना विकले होते. कायद्याने नफा मोजायचा तो १ मार्च १९१३ च्या किमतीपासून. विक्रीआधीच खात्याने ती किंमत शेअरला ९,४८९ डॉलर ठरवून दिली होती. आता खातं म्हणालं, ती चूक होती, खरी किंमत २,६३४. वाद करविषयक अपील मंडळापुढे गेला. १९२८ मध्ये मंडळाने किंमत धरली १०,००० डॉलर, म्हणजे कझेन्स यांनी उलट लाखो डॉलर जास्तच भरले होते. पुढच्या वर्षी त्यांनी एक कोटी डॉलर मिशिगनमधल्या मुलांच्या निधीला दिले. मागणीच्या जवळपासचा आकडा योगायोगाने आला असेल असं वाटत नाही.

आयात मालावरच्या जकातीच्या बाबतीत काटकसरीचा प्रश्नच नव्हता. १९२२ च्या फोर्डनी-मॅककंबर कायद्यात ‘लवचिक’ कलम होतं: देशातला आणि परदेशातला उत्पादनखर्च तपासून फरक भरून निघेल एवढी जकात राष्ट्राध्यक्षांनी ५० टक्क्यांपर्यंत वाढवावी किंवा कमी करावी. ऐकायला शास्त्रीय. पण दोन्हीकडचा खर्च खरोखर सारखा करून टाकला तर व्यापार करायचा कशाला? शिवाय खर्च कुणाचा धरायचा, चांगल्या कारखान्याचा की मोडक्याचा? प्रत्यक्षात हार्डिंग आणि कूलिज यांच्या काळात ३७ वेळा जकात बदलली, त्यांत ३२ वेळा वाढली. कमी झाली ती पाच वस्तूंवरची: जनावरांच्या खाद्याचा कोंडा, फिनॉल, क्रेसिलिक आम्ल, रंगाच्या ब्रशांचे दांडे आणि जिवंत बॉबव्हाइट लावे पक्षी. क्यूबाच्या साखरेवरची जकात पौंडामागे १.७६ सेंटवरून १.२३ वर आणावी अशी जकात आयोगातल्या बहुमताची शिफारस १९२४ मध्ये कूलिज यांच्याकडे गेली. निवडणूक होऊन गेली, वर्ष उलटलं, मग त्यांनी ती नाकारली. बीटसाखर पिकवणारी राज्यं खूश राहिली.

शेतकऱ्यांनी हाच न्याय मागितला तेव्हा सूर बदलला. मॅकनॅरी-हॉगेन विधेयक म्हणत होतं की जादा पीक सरकारी मंडळाने उचलून परदेशात पडेल भावाने विकावं, देशात भाव जकातीच्या आडोशाने टिकवावा, आणि तोटा शेतकऱ्यांकडूनच शुल्क घेऊन भरावा. २५ फेब्रुवारी १९२७ ला कूलिज यांनी त्यावर नकाराधिकार वापरला: सरकारने भाव ठरवणं चूक आहे, म्हणून. त्याच फेब्रुवारीत बिडाच्या लोखंडावरची जकात टनाला ७५ सेंटवरून १ डॉलर १२.५ सेंट झाली. बरोबर ५० टक्के, कायद्याने चढवता येईल तितकी. त्या काळातला एकच दाखला मागितला तर मी हा देईन. सरकारने बाजारात हात घालू नये हे तत्त्व खरंच मानणारी माणसं त्या पक्षात होती, पण लोखंडाच्या दारात आलं की ते तत्त्व चपलांसोबत बाहेर राहायचं.

१० जुलै १९२९ रोजी नोटाही लहान झाल्या. आकार जवळपास एक-तृतीयांशाने घटला, कागद आणि छपाई वाचली. त्या नव्या नोटांवर मेलन यांची सही होती. पेन्सिलीच्या थोटकाचं हे सर्वांत मोठं रूप म्हणायला हरकत नाही.

साडेतीन महिन्यांनी शेअरबाजार कोसळला आणि मेलन यांच्या रचनेतला सांधा उघडा पडला. दर कमी करताना करमाफीची मर्यादाही वाढवत नेली होती. १९२६ नंतर लग्न झालेल्या माणसाला ३,५०० डॉलरपर्यंत काहीच कर नव्हता, आणि साध्या कामगाराची मजुरी त्याच्या निम्म्याच्याही आत असे. बारा कोटींच्या देशात प्रत्यक्ष कर भरणारे सुमारे २५ लाख. त्यातही वर्षाला लाख डॉलरच्या वर कमावणारे मूठभर लोक १९२९ च्या प्राप्तिकरातला जवळपास दोन-तृतीयांश वाटा देत होते. मेलन यांचे समर्थक हा आकडा आजही अभिमानाने सांगतात: दर उतरवले आणि श्रीमंतांनी जास्त भरलं. खरं आहे. पण ते भरत होते कशातून? बऱ्याच अंशी चढत्या शेअरांच्या विक्रीतून, त्या साडेबारा टक्क्यांच्या खिडकीवर. बाजार पडला तेव्हा नफा गेला, आणि झालेला तोटा इतर उत्पन्नातून वजा करायची सोय मात्र होती. १९३३ च्या सिनेट चौकशीत उघड झालं की जे. पी. मॉर्गन आणि त्यांच्या पेढीच्या भागीदारांनी १९३१ आणि १९३२ साठी प्राप्तिकर भरलाच नव्हता. कायद्याने त्यात चूक काही नव्हती.

केंद्राची जमा १९३० मध्ये ४ अब्जांच्या वर होती, १९३२ मध्ये २ अब्जांच्या आत. खर्च साडेचार अब्जांच्या पुढे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मेलन यांच्यावर महाभियोगाचा ठराव संसदेत आला होता; फेब्रुवारी १९३२ मध्ये त्यांना राजदूत म्हणून लंडनला पाठवलं गेलं. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या सरकारच्या पाठिंब्याने कारखान्यातून निघणाऱ्या मालावर सव्वादोन टक्के विक्रीकराचा प्रस्ताव आला, तो खालच्या सभागृहाने बंड करून पाडला. मग ६ जूनच्या कायद्याने वरचा दर एका फटक्यात ६३ वर नेला, भेटवस्तूंवरचा कर परत आणला, पेट्रोलच्या गॅलनवर एक सेंट, पत्राला दोनऐवजी तीन सेंटांचं तिकीट. आणि प्रत्येक चेकवर दोन सेंट.

चेकवरचा हा कर दिसायला पेन्सिलीच्या थोटकाइतका किरकोळ. चेक हजाराचा असो की एका डॉलरचा, दोन सेंटच. म्हणून हजाराच्या चेकला तो जाणवत नाही, एका डॉलरच्या चेकला तो दोन टक्के पडतो. २१ जून १९३२ पासून वसुली सुरू झाली. आधीच बँका बुडत होत्या आणि लोक पैसे काढून घरात ठेवत होते. आता वाण्याचं बिल, दुधवाल्याचं बिल, घरभाडं यांसाठी तीन वेगळे चेक फाडण्याऐवजी खातेदार महिन्याच्या सुरुवातीला एकच चेक वटवायचा, तो स्वतःच्याच नावे, आणि रोकड खिशात घालून बाहेर पडायचा. बँकेच्या गल्ल्यातून तेवढ्या लहान आकाराच्या नोटा कमी व्हायच्या.